रक्त थांबलं म्हणजे आजार थांबला का?

प्रश्न

डॉक्टर, सादर नमस्कार.

आम्ही बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६१ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूला शिवले नाहीत. पंधरा वर्षांपासून शुगर आहे, बाकी कसलीच तक्रार नव्हती. मागच्या महिन्यात रात्री जेवून झोपले आणि साडेबाराला उठून मोरीत उलटी केली, ती सगळी रक्ताची. आधी आम्हाला वाटलं पित्त उसळलं. दुसऱ्या उलटीनंतर चक्कर येऊन पडले. पहाटे सोलापूरला पोचलो. तिथे दुर्बीण टाकून ‘अन्ननलिकेतल्या नसा फुगून फुटल्या आहेत, लिव्हर सिरोसिस आहे’ असं सांगितलं, रबराचे पाच बँड लावले, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. पाच दिवसांनी घरी सोडलं.

आता अण्णा ठणठणीत दिसतात. तीन आठवड्यांनी परत बँडिंगला बोलावलंय, पण ते म्हणतात, ‘रक्त थांबलं, आता कशाला नळी घालून घ्यायची?’ खरं कारण वेगळं आहे. सिरोसिस म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली की मास्तर चोरून पीत असणार. चुलते भेटायला आले ते जाताना आईला हळूच तेच विचारून गेले. तेव्हापासून अण्णा देवळातसुद्धा जात नाहीत. आईने त्यांची डाळ आणि दूध बंद केलंय, नुसती मऊ खिचडी देते. भाकरीने नस फुटेल म्हणते. आणि यंदाही आळंदीपासून पायी वारी करायची असा अण्णांचा हट्ट आहे. आजार लिव्हरचा आणि रक्त गळ्यातून, हे काय गणित आहे? बँडिंग खरंच लागतं का? जुने रिपोर्ट सोबत पाठवते. तुमचं उत्तर अण्णांना वाचून दाखवलं तर चालेल ना?

— एक मुलगी

उत्तर

बँडिंग लागतं, आणि दिलेल्या तारखेलाच लागतं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं सावकाश वाचलं तरी चालेल, पण ही तारीख चुकवू नका.

आता अण्णांचं गणित. आपण खाल्लेलं पचल्यावर आतड्यांकडून, जठराकडून आणि प्लीहेकडून (पोटात डावीकडे असते ती पानथरी) येणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका जाड शिरेत गोळा होतं आणि आधी यकृतात जातं. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन-चतुर्थांश रक्त या एका शिरेतून येतं, मिनिटाला लिटरभर तरी. निरोगी यकृत स्पंजासारखं मऊ असतं, त्यामुळे एवढं रक्त त्यातून अगदी कमी दाबाने झिरपून पलीकडे निघून जातं. अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक ५ पर्यंत असतो, तोही आपण रक्तदाब मोजतो त्याच मापात. म्हणजे हातावर १२० भरतो, तिथे हा ५.

पाटाचं पाणी तुम्ही पाहिलंच असेल. पाटातून चारीत, चारीतून सऱ्यांत, आणि शेत भिजवून उरलेलं ओढ्याला. आता त्या सऱ्या ठिकठिकाणी गाळाने बुजल्या असं समजा. पाणी शेतात शिरत नाही, मागे तुंबतं आणि बाजूच्या जुन्या, विसरलेल्या ओघळींमधून वाट काढतं. ओघळी बिचाऱ्या एवढ्या पाण्यासाठी नसतातच. त्या रुंद होतात, कड पातळ पडते आणि एका रात्री बांध फुटतो.

सिरोसिसमध्ये यकृतात हेच होतं. वर्षानुवर्षं सूज येत-जात राहते, प्रत्येक वेळी थोडा व्रण राहतो, आणि शेवटी मऊ स्पंजाच्या जागी गाठीगाठींचं घट्ट यकृत उरतं. रक्त मागे तुंबतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडापाशी, पोटाकडच्या आणि छातीकडच्या शिरांना जोडणाऱ्या बारीक नसा असतात. तुंबलेलं रक्त त्या आडवाटेने हृदयाकडे जायला लागतं. दाबातला फरक १० पर्यंत पोचला की या नसा फुगायला लागतात, १२ च्या पुढे गेला की फुटायचा धोका खरा. त्या असतात अन्ननलिकेच्या अस्तराच्या अगदी खाली, एका पातळ पापुद्र्याआड. म्हणून आजार पोटात उजवीकडे आणि रक्त तोंडातून.

या गोष्टीत आणखी एक भाग आहे, आणि औषध समजायला तो लागतो. सऱ्या बुजल्यावर वरून येणारं पाणी कमी व्हायला हवं ना? शरीरात उलटं होतं. आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाटात पाणी आणखी वाढतं. अण्णांना कार्व्हेडिलॉलची गोळी लिहून दिलेली तुमच्या कागदांत दिसते. ती बीपीची म्हणून नव्हे, पाटाच्या तोंडाशी दार थोडं खाली करायला दिली आहे. बँड हे फुटलेल्या जागी टाकलेली वाळूची पोती. आणि शेत? ते अजून तसंच आहे. म्हणून ‘रक्त थांबलं’ एवढ्यावर काम संपत नाही.

बँडिंगमध्ये करतात एवढंच, की दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या टोपीत फुगलेल्या नसेचा उंचवटा ओढून घेतात आणि त्याच्या बुडाशी रबराची बारीक रिंग सरकवतात. रक्त बंद पडल्यामुळे तो भाग काही दिवसांत सुकून गळतो, तिथे छोटी जखम होते, ती भरून येते. एका बैठकीत सगळ्या नसा संपत नाहीत. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, बहुधा तीन-चार बैठकांत त्या आटोक्यात येतात. मग तीन ते सहा महिन्यांनी एकदा दुर्बीण, आणि पुढे सहा महिने ते वर्षाने, कारण नसा पुन्हा येऊ शकतात. बँड लावल्यावर एक-दोन दिवस छातीत अवघडल्यासारखं होतं. त्याला घाबरू नका.

अण्णा आकड्यांचे माणूस आहेत म्हणून आकडेच देते. अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांच्या आत, आजच्या चांगल्या उपचारातही, शंभरांतले पंधरा ते वीस रुग्ण दगावतात. त्यातला सर्वांत कठीण काळ अण्णांनी मागे टाकला आहे. पण एकदा रक्तस्राव झालेल्यांवर पुढे काहीच केलं नाही, तर वर्ष-दोन वर्षांत शंभरांतल्या साठेकांना तो पुन्हा होतो. बँडिंग आणि गोळी दोन्ही नीट चालू ठेवली तर हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. नळी गिळण्याची ती दहा-पंधरा मिनिटं या हिशेबात कुठे बसतात ते त्यांनीच मांडून बघावं.

दारूबद्दल. मी हे सदर लिहायला लागल्यापासून सिरोसिसच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ही कुजबुज असते, आणि मला तिचा मनापासून राग येतो. दारू हे मोठं कारण आहे यात वादच नाही. पण हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी सिरोसिस होतो. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्याने होतो, शरीरात तांबं किंवा लोह साठल्याने होतो. आणि जुना मधुमेह, पोटाचा घेर, यकृतातली चरबी या वाटेने तर आज आपल्याकडे कितीतरी माळकरी, जैन, कधी थेंब न घेतलेल्या बायका सिरोसिसपर्यंत पोचतात. यकृतातल्या चरबीच्या या आजाराचं इंग्रजी नाव २०२३ मध्ये बदललं, ते करताना ‘दारूविना’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी चयापचयाचा उल्लेख आला. तुमच्या चुलत्यांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि एक बोलून टाकते: अण्णा समजा पीत असते, तरी? बँडिंग तेच, गोळी तीच. फक्त दारू कायमची सोडणं हे पहिलं औषध ठरलं असतं. गुन्हेगार शोधून दाब उतरत नाही.

मात्र चरबीवर शिक्का मारण्याआधी हिपॅटायटिस बी आणि सीच्या रक्ततपासण्या झाल्या का ते पाहा. तुमच्या फाइलमध्ये मला त्या दिसल्या नाहीत. सी असेल तर तो बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो, बी असेल तर गोळीने आवरता येतो. केंद्र सरकारच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींचे उपचार सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात.

तुम्ही पाठवलेल्या जुन्या रिपोर्टांवर मात्र मी बराच वेळ थांबले. तीन वर्षांपूर्वीचा एक रक्ताचा कागद आहे: प्लेटलेट १,०८,०००. त्यावर पेनाने कुणी तरी ‘डेंगी?’ लिहिलंय. रिपोर्टांसोबत तुम्ही लिहिलंय की तेव्हा अण्णांना पंधरा दिवस पपईच्या पानांचा रस पाजला होता. त्याच महिन्यातली सोनोग्राफी म्हणते: फॅटी लिव्हर, प्लीहा किंचित वाढलेली. ताप आलेला नव्हता. म्हणजे डेंगी नव्हताच. रक्त मागे तुंबलं की प्लीहा फुगते आणि फुगलेली प्लीहा प्लेटलेट आत अडकवून ठेवते. पाटाचं पाणी तुंबल्याची ही खूण तीन वर्षं तुमच्या कपाटात पडून होती. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, तो कागद पाहणाऱ्या कुणीही दोन ओळी जोडल्या नाहीत. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपापल्या घरची फाइल काढावी. मधुमेह, फॅटी लिव्हर आणि दीड लाखाच्या खाली रेंगाळणाऱ्या प्लेटलेट असं तिन्ही एका माणसात दिसलं, तर पपईची पानं तोडू नका, लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. फायब्रोस्कॅन नावाची, सोनोग्राफीसारखीच न दुखणारी तपासणी यकृताचा कडकपणा मोजते. सिरोसिसची शंका असलेल्या माणसात तो कडकपणा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर मोठ्या नसा असण्याची शक्यता इतकी कमी, की दुर्बीण तूर्त टाळता येते. नाहीतर रक्त पडायच्या आधीच दुर्बीण टाकून बघायची. सिरोसिसचं निदान होतं तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत या नसा आधीच असतात.

‘पण काही दुखत कसं नव्हतं?’ यकृताच्या आत दुखणं कळवणारे मज्जातंतूच नाहीत, आणि ते बरंचसं खराब होईपर्यंत निमूट काम करत राहतं. लिव्हरच्या रक्ततपासणीतले एसजीओटी-एसजीपीटी हे आकडे नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होणारे खूप भेटतात. सिरोसिसमध्ये ते नॉर्मल असू शकतात.

आता आईंचा स्वयंपाक. त्यांची माया समजते, पण डाळ आणि दूध आजच चालू करा. सिरोसिसमध्ये शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. अण्णांचा दंड पूर्वीपेक्षा बारीक झालाय का बघा. त्यांना वजनाच्या किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९०. नुसत्या खिचडीतून हे होणं शक्य नाही. दूध, दही, पनीर, मटकीची उसळ, घट्ट वरण, फुटाणे, सोयाबीन, जे पचेल ते दिवसभरात विभागून द्या. भाकरीने नस फुटत नाही, दाबाने फुटते. बँड लावल्यावर चार-पाच दिवस मऊ, कोमट खावं, नंतर भाकरी-आमटी खुशाल चालेल. लोणचं, पापड आणि वरून मीठ मात्र कमी, आणि पोटात पाणी झालं तर फारच कमी.

उपास बंद. माळकऱ्याला हे सांगताना जड जातं, पण एकादशीसुद्धा. निरोगी माणसाचं शरीर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर ज्या अवस्थेला जातं, त्या अवस्थेला सिरोसिसचा रुग्ण एका रात्रीच्या उपाशी झोपेत पोचतो. म्हणून झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं, ग्लासभर दूध आणि एखादी पोळी, शुगरच्या औषधाशी मेळ घालून. आणि लक्षात ठेवा: कार्व्हेडिलॉलमुळे शुगर खाली गेल्याची थरथर आणि धडधड दबते. घाम तेवढा येतो. अण्णांना एकाएकी घाम फुटला तर आधी साखर मोजा.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट घरात असेल तर फेकून द्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफिनॅक, नाव कुठलंही असो, या जातीच्या गोळ्या त्यांच्या जठराला आणि मूत्रपिंडांना परवडणार नाहीत. पॅरासिटॅमॉल चालतं, दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या चारपेक्षा जास्त नाही. हे ऐकून लोक चकित होतात, पण मात्रेत घेतलं तर तेच सर्वांत सुरक्षित. झोपेच्या गोळ्या स्वतःहून नकोत. आणि कोरोनात सुरू केलेला गुळवेलीचा काढा अजून चालू असेल तर तोही थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. पण आधीच घट्ट झालेल्या यकृतावर अशा वादाचा निकाल लावायला जाऊ नये असं माझं मत.

पुन्हा रक्त आलंच तर काय, हे आज शांतपणे ठरवून ठेवा. लाल उलटी, चहाच्या चोथ्यासारखी काळपट उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौचास, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण ती डांबरासारखी चिकट नसते. तोंडाने काही द्यायचं नाही, बर्फाचं पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवून न्या. पित्ताचं इंजेक्शन घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, गेल्या वेळी पित्त समजून गेलेला वेळ आठवा. रात्री दुर्बिणीची सोय कुठल्या रुग्णालयात आहे ते आत्ताच विचारून फोन नंबर दारामागे चिकटवा. वाटेतल्या रुग्णालयात थांबावं लागलं तर ‘सिरोसिस आहे, आधी बँडिंग झालंय’ हे पहिलं वाक्य. ते ऐकून तिथले डॉक्टर दाब उतरवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दुर्बिणीच्या आधीच सुरू करू शकतात.

आणि नातेवाइकांनो, ‘हिमोग्लोबिन आठच आहे, अजून दोन पिशव्या चढवा’ असा आग्रह करू नका. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की पोटातला रक्तस्राव झालेल्यांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं तर जास्त जण वाचतात. कारण पाटाचंच: जास्त रक्त, जास्त दाब, बांध पुन्हा फुटणार. मी शिकत होते तेव्हा बँड सगळीकडे मिळत नसत. अन्ननलिकेत रबरी फुगा फुगवायचो आणि त्याच्या नळीला सलाइनची बाटली बांधून ती खाटेच्या टोकावरून खाली सोडायचो, ताण राहावा म्हणून. ते पाहिलेल्या कुणालाही आजचं बँडिंग म्हणजे चैनच वाटेल.

काही लक्षणांवर घरातल्यांनीच नजर ठेवायची असते, कारण रुग्णाला ती स्वतःला कळत नाहीत. दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलताना शब्द विसरणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं. गणिताच्या मास्तरांना सोपी वजाबाकी अडायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ लागलं तर गोळीबद्दल विचारा, मनाने बंद करू नका. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरोसिस झालेल्या यकृतात कॅन्सरची गाठ होऊ शकते आणि लहान असताना सापडली तर इलाज असतो. यकृत बदलायचा विषय आज नाही. पोटात पाणी, कावीळ, भ्रम किंवा बँडिंगला न जुमानणारा रक्तस्राव यांतलं काही सुरू झालं तर तो काढायचा, आणि तेव्हा उशीर करायचा नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहिली वारी. यंदा आळंदीपासून चालायचं नाही. बँडची जखम ताजी असताना, बीपी उतरवणाऱ्या गोळीवर, तीन आठवडे उन्हापावसात, आणि रात्री दुर्बीण मिळेल अशा गावापासून लांब, असं मी माझ्या वडिलांना पाठवलं नसतं. नसा आटोक्यात आल्याचं दुर्बिणीत दिसलं आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर एखाद दिवस वाखरीपर्यंत गाडीने जाऊन पालखीचं दर्शन घेऊन यावं. त्याआधी त्यांनी गावातल्या देवळात जायला लागावं, त्याला कुठल्याच डॉक्टरची परवानगी लागत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर जा.

हे उत्तर वाचून दाखवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त आकड्यांचा परिच्छेद दया म्हणून गाळू नका. पस्तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला मधली पायरी गाळलेली लगेच कळते.